अकरावी ओळ

गेल्या रविवारी सकाळी पहिला चहासुद्धा संपला नव्हता, तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या सोसायटीचे नवे सेक्रेटरी. वय माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी कमी, हातात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये आमच्याच बिल्डिंगचा फोटो.

"सर, तुमच्या बिल्डिंगचा रंग मस्त टिकलाय. दोन पावसाळे गेले ना? शेड नंबर मिळेल का?"

शेड नंबर दिला. चहाही दिला. ते खूश होऊन गेले. नंतर मात्र मला चैन पडेना. त्यांनी जे विचारलं ते मी दिलं, पण जे सांगायला हवं होतं ते राहूनच गेलं. समोरासमोर सांगायची थोडी लाजही वाटली, कारण त्यात माझी एक मोठी चूक आहे. म्हणून या वीकएंडचा लेख रंगावर. कोड, करिअर, ट्रॅफिक सगळं पुढच्या आठवड्यात.

गोष्ट सुरू होते २००८ साली, माझ्या पहिल्यावहिल्या ऑनसाइटपासून. आपल्याकडे गावाच्या पाण्याची टाकी म्हटलं की काँक्रीटचे खांब, वर भलामोठा गोल घुमट, निळा-पांढरा रंग आणि त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. अमेरिकेत मिडवेस्टमध्ये गेलात तर दृश्य वेगळं. सपाट जमीन, मक्याची शेतं आणि दूरवर पोलादी पत्र्याची एक उंच टाकी. तिच्यावर गावाचं नाव. गाडीतून गाव दिसायच्या आधी टाकी दिसते.

मी होतो सिनसिनाटीजवळ. पहिल्याच शनिवारी रूममेट नदीपलीकडे केंटकीत फ्लॉरेन्स नावाच्या गावी मॉलमध्ये घेऊन गेला. हायवेच्या कडेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांची टाकी आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'फ्लॉरेन्स याल'. याल म्हणजे तिकडच्या बोलीतलं 'तुम्ही सगळे'. मला वाटलं, काय प्रेमळ गाव आहे! खरी भानगड नंतर कळली. १९७४ साली टाकीवर 'फ्लॉरेन्स मॉल' असं रंगवलं होतं, आणि मॉल अजून बांधूनच झाला नव्हता. जी गोष्ट अस्तित्वात नाही तिची हायवेवर जाहिरात करायची नाही, असा नियम आडवा आला. सगळी टाकी पुन्हा रंगवायची तर खर्च. तेव्हा गावाच्या मेयरने शक्कल लढवली. मॉलच्या इंग्रजी 'एम'च्या बाजूच्या दोन उभ्या रेघा पुसायच्या, मधल्या कोनाला खाली दांडी काढायची की झाला 'वाय'. काम पाचशे डॉलरच्या आतच झालं. असा हॉटफिक्स मी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. :)

ही झाली गंमत. खरा धडा मिळाला तो क्लायंटच्या गावात. ऑफिसच्या खिडकीतून तिथली टाकी दिसायची. एके सोमवारी पाहतो तर टाकीला चहूबाजूंनी ताडपत्रीसारखा प्रचंड पडदा लावलेला. पुढे दहा आठवडे तो पडदा तसाच. मी ज्या मोटेलमध्ये राहत होतो तिथेच त्या कामाचा इन्स्पेक्टर उतरला होता. साठीचा गोरापान माणूस, रोज सकाळी वॉफलच्या मशिनपाशी भेटायचा. एकदा मी विचारलं, "एक टाकी रंगवायला इतके दिवस?"

तो हसला. म्हणाला, "रंगवायला नाही. रंगवण्यालायक करायला."

मग रोज ब्रेकफास्टला थोडं थोडं ज्ञान मिळत गेलं. आधी जुना रंग पूर्ण काढायचा. जोरदार हवेच्या झोताबरोबर खरखरीत कण पत्र्यावर मारतात आणि धातू उघडा करतात. त्याने पत्रा नुसता स्वच्छ होत नाही, तो बारीक खडबडीतही होतो. गुळगुळीत पत्र्यावर रंग धरत नाही, त्याला पकडायला जागा लागते. पडदा यासाठी, की जुन्या टाक्यांच्या तळच्या थरात शिसं असतं. पूर्वी लोखंडाला पहिला हात द्यायचा तो 'रेड लेड'चा, म्हणजे आपला शेंदूर. उत्तम गंजरोधक, पण विषारी. त्याची धूळ गावभर उडून चालत नाही.

पत्रा उघडा केला की त्याच दिवशी प्रायमर मारायचा, नाहीतर हवेतल्या ओलाव्याने रातोरात तांबूस गंज धरतो. प्रायमरमध्ये जस्ताची पूड. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, म्हणजे वर ओरखडा पडला तरी मार आधी जस्त खातं. त्यावर इपॉक्सीचा जाड थर, पाणी आत जाऊ नये म्हणून. पण इपॉक्सीला ऊन सोसत नाही. उन्हाने तिची खडूसारखी भुकटी होते. म्हणून सगळ्यात वर उन्हाला टिकणारा थर, पॉलियुरेथेनचा किंवा त्याहून महाग फ्लोरोपॉलिमरचा. कार्बन आणि फ्लोरिन यांची जोडी इतकी घट्ट, की सूर्याच्या अतिनील किरणांनासुद्धा ती सहजी तोडता येत नाही. साइटवर मारता येईल, भट्टीत भाजावा लागणार नाही, अशा तऱ्हेचा फ्लोरोपॉलिमर रंग जपानमध्ये १९८२ साली बाजारात आला. गावाला दिसतो तो शेवटचा थर. खालचं सगळं कायमचं झाकलेलं.

आणि यातलं कुठलंही काम मनात आलं म्हणून सुरू करायचं नाही. त्याच्या खिशात कायम एक मीटर असायचा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश सेल्सियसने जास्त हवं. नसेल तर त्या दिवशी सुट्टी, कारण डोळ्यांना दिसलं नाही तरी पत्र्यावर पाण्याचा सूक्ष्म पापुद्रा धरतो आणि त्यावर मारलेला रंग पुढे पोपड्याच्या रूपाने परत येतो. एका आठवड्यात तर सलग तीन दिवस कुणी काहीच केलं नाही. दहा आठवड्यांतले रंगाचे म्हणावे असे दिवस सात-आठ असतील.

जाताना तो एक वाक्य बोलला. गावच्या सभेत टाकीच्या रंगावर तीन तास भांडण झालं होतं म्हणे, निळा गडद की फिका. "खालच्या थरांबद्दल एकानेही प्रश्न विचारला नाही." मी खूप हसलो. काय पण लोक!

असो. आता यावं पुण्यात, साल २०१५.

आमची बिल्डिंग १९९८ची. तोवर दोनदा रंगवून झाली होती, तरी पोपडे निघालेले, पश्चिमेच्या भिंतींना ओल. मी तेव्हा कमिटीत नवा होतो आणि सोसायटीत 'एक्सेलवाला' म्हणून माझी ख्याती होती. तीन कॉन्ट्रॅक्टरची कोटेशनं आली. मी ती एका शीटमध्ये ओळीला ओळ लावून मांडली, कंडिशनल फॉरमॅटिंग वगैरे. दोघांच्या कोटेशनमध्ये दहा ओळी होत्या. तिसऱ्याच्या अकरा.

अकरावी ओळ अशी होती: सर्व बाल्कन्या, छज्जे आणि बीम हातोडीने ठोकून पाहणे, पोकळ प्लास्टर काढणे, आतल्या सळया घासून गंजरोधक लावणे, दुरुस्ती करणे. आणि पुढे रकमेच्या जागी एक अंदाज आणि 'जेवढं निघेल त्याप्रमाणे'.

आपल्या धंद्यात 'जेवढं निघेल त्याप्रमाणे' म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. क्लायंटच्या अंगावर काटा येतो. माझ्याही आला. तो अंदाजच एकूण रकमेच्या जवळपास तिसरा हिस्सा होता, शिवाय वर कुठेही जाऊ शकणारा. मी त्या कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. "ही ओळ काढली तर?" तो जरा थांबला. म्हणाला, "साहेब, काढता येईल. पण मग मी रंगाचीच गॅरंटी देईन, भिंतीची नाही."

मी ओळ सिलेक्ट केली आणि डिलीट दाबलं. बेरीज आपोआप कमी झाली.

सर्वसाधारण सभेत माझ्या शीटला चार मिनिटं मिळाली. प्रति फ्लॅट आकडा ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग अडीच तास चर्चा कशावर? बरोबर. शेड कार्डवर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना क्रीम हवा होता, तरुण मंडळींना काहीतरी 'व्हायब्रंट'. शेवटी लिंबू पिवळा आणि मधे जांभळे पट्टे ठरले. मीसुद्धा हिरीरीने जांभळ्याच्या बाजूने बोललो. ओहायोची टाकी मला एकदाही आठवली नाही.

दिवाळीत बिल्डिंग झगमगली. रिक्षावाल्याला पत्ता सांगणं सोपं झालं, "ती पिवळी-जांभळी."

तीन वर्षांत पश्चिमेचं जांभळं राखाडी झालं आणि पिवळं आजारी. भिंतीला हात लावला की तळव्याला पांढरी भुकटी. याचं कारण मी नंतर वाचलं. रंगात रंगद्रव्य असतं आणि त्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो. ऊन आधी तो धरणारा पदार्थ खातं, मग मोकळे झालेले कण हाताला येतात. वर, भडक पिवळी-जांभळी रंगद्रव्यं बरीचशी कार्बनी असतात, त्यांचे रेणूच उन्हाने मोडतात. मातकट रंग मात्र टिकतात. गेरू घ्या. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड, गंजाचाच सख्खा भाऊ. जे आधीच गंजून बसलंय त्याचं ऊन आणखी काय बिघडवणार?

भडक किंवा तजेलदार आणि तरी वर्षानुवर्षं टिकणारं काहीच नसतं असं नाही. माझा मावसभाऊ कुवेतला असतो, त्याने तिथल्या कुवेत टॉवर्सचे फोटो पाठवले होते. १९७९ साली खुल्या झालेल्या तीन बुरुजांपैकी दोघांच्या गोलांत शहराचं पाणी साठवतात. त्या गोलांना रंग दिलेलाच नाही. निळ्या, हिरव्या, करड्या अशा आठ छटांच्या सुमारे ४१ हजार इनॅमलच्या पोलादी चकत्या बसवल्यात. इनॅमल म्हणजे धातूवर भट्टीत भाजून चढवलेली काच. आपल्या जुन्या वाड्यांच्या दारावरची निळी-पांढरी घर नंबरची पाटी तीच. पण आख्खी सोसायटी काही भट्टीत घालता येत नाही.

तर, रंग फिका पडला इथपर्यंत ठीक होतं. लोक चेष्टा करायचे, मीही हसायचो.

मग आला जुलै २०२२. रात्री नऊची वेळ, तीन दिवस संततधार. पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या खालच्या बाजूचं काँक्रीट सुटलं आणि पार्किंगमध्ये कोसळलं. मोठा तुकडा रिकाम्या जागेवर पडला. तिथे आदळून उडालेला एक तुकडा वॉचमनमामांच्या कपाळाला लागला. सहा टाके. मी त्यांना घेऊन हॉस्पिटलमध्ये गेलो. गाडीत ते डोक्याला टॉवेल दाबून बसले होते आणि मलाच धीर देत होते, "काही नाही साहेब, डोळा वाचला." त्यांची दुसरीतली मुलगी संध्याकाळभर त्याच जागी सायकल फिरवत असते. त्या दिवशी पावसामुळे ती आत होती.

त्या रात्री दोन वाजता उठून मी लॅपटॉप उघडला. २०१५चं फोल्डर. फाइलच्या जुन्या आवृत्तीत अकरावी ओळ जशीच्या तशी होती.

पुढच्या आठवड्यात स्ट्रक्चरल कन्सल्टंट आल्या. त्यांनी तुटलेल्या जागेवर छोट्या बाटलीतून काहीतरी फवारलं. फिनॉल्फ्थॅलीन! अकरावीच्या प्रॅक्टिकलनंतर एकदम इथे भेट. काँक्रीट निरोगी असेल तर अल्कली असतं, पीएच साडेबाराच्या आसपास, आणि फवाऱ्याने गडद गुलाबी होतं. त्या अल्कलीमुळेच आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक पापुद्रा राहतो आणि ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं भेगांतून आत शिरतो आणि ती अल्कली खात जातो. पीएच नऊच्या खाली गेला की गुलाबी रंग येत नाही. मग पाणी आणि प्राणवायू पोचले की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. तो फुगतो आणि काँक्रीटला आतून ढकलून फोडतो.

आम्ही सगळे मान वर करून पाहत होतो. फवारा मारला, आणि पाचही ठिकाणी काही झालं नाही. ओलं करडं काँक्रीट तसंच करडं राहिलं. आयुष्यात एखाद्या रंगाची मी इतकी वाट पाहिली नव्हती.

मी त्यांना विचारलं, "मॅडम, २०१५ला ठोकून पाहिलं असतं तर सापडलं असतं का?"

त्या म्हणाल्या, "यातलं बरंचसं. तेव्हाही आवाज पोकळ आला असता. तुम्ही भेगांवर लांबी भरून वर रंग दिलात ना, त्यामुळे नंतर कुणाला दिसलंच नाही." त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. ते जास्त लागलं.

विशेष सभा बोलावली. सगळे जुन्या कॉन्ट्रॅक्टरवर तुटून पडले. केस करा, काळ्या यादीत टाका. तिसऱ्या मजल्यावरचे काका तर लाल झाले होते. मी प्रोजेक्टर लावला आणि दोन्ही फाइली शेजारी शेजारी दाखवल्या. अकरा ओळींची आणि दहा ओळींची. "ही ओळ त्यांनी दिली होती. मी काढली. सभेला सांगितलंसुद्धा नाही, फक्त कमी झालेला आकडा सांगितला."

हॉलमध्ये शांतता. मला वाटलं आता आपलं काही खरं नाही. काका बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "अरे, तू सांगितलं असतंस तरी आम्ही काढच म्हटलं असतं." कुणी हसलं नाही. वाक्य खरं होतं, तरी त्याने माझं ओझं कमी झालं नाही. निदान निर्णय सगळ्यांचा झाला असता.

काम सुरू झालं ते निधी जमवण्यात एक वर्ष गेल्यावर, २०२३च्या दिवाळीनंतर. या वेळी पहिला महिनाभर रंगाचा डबा आवारात आलाच नाही. परांची बांधली आणि मुकादम छोटी हातोडी घेऊन वर चढला. दर वीतभर अंतरावर ठक, ठक, ठक. मधेच भद्द. भद्द आलं की खडूने गोल. मी दोन शनिवार त्याच्याबरोबर वर होतो. तासाभरात माझ्याही कानाला फरक कळायला लागला. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगला देवी आल्यासारखे गोल उठले होते.

मग ते सगळं काढलं. सळया तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासल्या, ज्या फार झिजल्या होत्या त्यांना जोड दिला, गंजरोधक लावलं, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरून काढलं, पाणी मारून पिकवलं. जुना रंग घासताना लोकांना मास्क दिले. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या आत असण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. आमचे सगळे जुने थर त्याआधीचे, त्यात काय असेल कोण सांगणार. भिंती पूर्ण वाळेपर्यंत थांबलो. काँक्रीटला टाकीच्या पत्र्यासारखं हवाबंद करून चालत नाही. बाहेरचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अडवायचा, पण आतल्या ओलाव्याला वाफ होऊन बाहेर पडू द्यायचं, असा रंग लागतो. ओल्या भिंतीवर घाईने मारला तर त्यालाच फोड येतात.

मी एकदा मुकादमाला विचारलं, "रंग किती वर्षं टिकेल?" तो म्हणाला, "साहेब, रंग कुठं टिकतो? भिंत टिकली तर वर रंग दिसतो."

शेड निवडायला या वेळी दहा मिनिटं लागली. गेरूसारखा तांबूस आणि वर मळकट पांढरा. कुणालाही फार आवडला नाही, आणि कुणी भांडलंही नाही. मे २०२४मध्ये परांची उतरली.

वॉचमनमामांच्या कपाळावर व्रण आहे. रोज सकाळी गेट उघडताना ते हात वर करतात आणि मला तो दिसतो. मी त्यांनाही ती ओळ सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, आणि दुरुस्ती चालू असेपर्यंत आपली खुर्ची मागच्या शेडखाली हलवू का, एवढंच विचारलं. गेली सात वर्षं ती खुर्ची कुठे असते हे माझ्या कुठल्याच शीटमध्ये नव्हतं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी शेजारच्या सेक्रेटरींना मेसेज टाकला: शेड नंबर दिलाय तो बरोबर आहे, पण कोटेशनं आली की आधी मला दाखवा. पुढच्या रविवारी मी तुमच्याकडे येतो, गच्चीची किल्ली तेवढी काढून ठेवा. हातोडी माझ्याकडे आहे.

त्यांचं उत्तर आलं, "सर, हातोडी कशाला?"

येतो आणि दाखवतो म्हटलं.